आधी पारख, मग पेरणी

सोयाबीन पेरले, पण उगवलेच नाही. आपण म्हणतो, "नशीबच फुटके!" पण नशिबाला बोल लावून पोट भरत नाही. अडचण आली की आधी विचारावे, असे का झाले? ओल कमी होती? बी फार खोल पडले? की बीच खराब होते?

बियाची पारख घरीच करता येते. ती पेरणीआधी करावी. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ मूठ बी घ्या. चांगले-वाईट निवडू नका. त्यातले 100 दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडा. वर दुसरे ओले गोणपाट घाला. गुंडाळी करून सावलीत ठेवा. ओल टिकेल इतकेच पाणी शिंपडा. आठव्या दिवशी उघडा. चांगले मोड आलेले दाणे मोजा.

70 किंवा जास्त दाणे उगवले, तर बी पेरायला चांगले. थोडे कमी उगवले, तर एकरी बी वाढवा. फारच कमी उगवले, तर बी बदला. आज कळले तर मूठभर दाणे गेले. पेरल्यावर कळले तर हंगाम गेला!

कोणत्याही कामात रीत हीच. कारण शोधा, थोडक्यावर करून पाहा, मोजा आणि मग ठरवा.