शेवटचा फर्मा

सकाळी ७. खळ शिजायला ठेवली आहे. मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद. मोरचूद विसरलं तर कसर आणि झुरळं खळीबरोबर पुठ्ठाही संपवतात. आमच्या कासू गावात पावसाळ्यात कागद कधी पुरता कोरडा होत नाही, त्यामुळे इथल्या बाइंडरची निम्मी लढाई दमटपणाशी असते. रोह्याच्या एका घरातला माळा साफ करताना निघालेला गठ्ठा आज पुढ्यात आहे. सगळी पुस्तकं रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांची.

साडेआठ. आधी पिना काढायच्या. गंज कागदात उतरला आहे, म्हणून चिमट्याने ओढायचं नाही. मधल्या पानावर पिनेची टोकं सुरीने उभी करायची आणि मग पाठीकडून अलगद उचलायची. कागद स्वस्तातला, लाकडाच्या लगद्याचा. तो पिवळा पडतो, पुढे तपकिरी होतो आणि शेवटी घडीवर तुटतो. ही पुस्तकं विकत घेऊन, वाचून, पुढच्याला देऊन टाकण्यासाठीच छापलेली होती. पन्नास वर्षांनी कुणी ती दोऱ्याने शिवायला बसेल असं छापणाऱ्याने कशाला धरलं असेल?

दहा. आता पानं मोजतो. अर्नाळकरांचा नायक झुंजार याच्या या कथेत ९६ पानं हवीत, म्हणजे सोळा पानांच्या घडीचे सहा फर्मे. भरले पाच. शेवटचा फर्मा नाही. या गठ्ठ्यात असं तीन पुस्तकांचं झालं आहे. अशी पुस्तकं बहुधा दोन्ही टोकांना फाटतात. मुखपृष्ठाला सगळ्यांचे हात लागतात, आणि अखेरची पानं तर लोक उभ्या उभ्या, गाडीत, जेवणाच्या ताटावर वाचतात. गुन्हेगाराचं नाव नेमकं तिथेच असतं.

साडेअकरा. फर्मे दाबाखाली आहेत तोवर हात मोकळे. अर्नाळकरांच्या कामाचा आवाका मला अजून नीट कवेत घेता येत नाही. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, आयुष्य १९०६ ते १९९६. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, मुंबईत चष्म्याचं दुकान चालवलं आणि हजारावर रहस्यकथा लिहिल्या. लेखनाची पन्नास वर्षं धरली तरी वर्षाला वीस पुस्तकं होतात, म्हणजे सरासरी अठरा दिवसांना एक. शेरलॉक होम्सवर कॉनन डॉयलच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा आहेत. पोलीस अधिकारी मेग्रेवर सिमेनॉनच्या ७५ कादंबऱ्या. अर्नाळकरांनी झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू अशी कितीतरी माणसं एकाच वेळी चालती ठेवली. प्रेरणा बऱ्याचदा इंग्रजी गुन्हेकथांची असे, हे खरं. पण वाचणाऱ्याला ती माणसं आपल्या मुंबईत, आपल्या भाषेत बोलताना भेटली.

पुढच्यांनीही हाच रतीब घातला. गुरुनाथ नाईकांच्या पुस्तकांची संख्याही हजारापुढे गेली. सुहास शिरवळकरांनी (१९४८ ते २००३) दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास हे नायक उभे केले. आज त्यांचं नाव ‘दुनियादारी’ या कादंबरीमुळे आणि तिच्यावरच्या २०१३च्या चित्रपटामुळे घेतलं जातं, हेही बरंच आहे.

या लेखकांना ‘करमणुकीचे’ म्हणून बाजूला सारलं गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मराठीत पुस्तक हातात धरून शेवटपर्यंत वाचायची सवय कित्येक घरांना यांनी लावली. साहित्याच्या इतिहासाने त्यांना परिच्छेदभर जागा दिली, आणि जुन्या वाचनालयांनी फाटलेल्या प्रती बाद केल्या.

दुपारी २. टोच्याने भोकं, मेण लावलेला दोरा, फर्म्यामागून फर्मा. घडी तुटली आहे तिथे आधी पातळ कागदाची पट्टी खळीने डकवायची, ती वाळू द्यायची आणि मगच सुई घालायची. घाई केली की टाका पान कापत जातो. चार वाजेपर्यंत हेच.

साडेचार. नागोठण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले शेजारचे आप्पा येतात, चष्मा पुसत गठ्ठा चाळतात. “काळा पहाड! अरे, पाळी संपली की गाडीची वाट बघत आम्ही स्टेशनवर हेच वाचायचो. एक पुस्तक, पाच जण.”

“आप्पा, याची शेवटची सोळा पानं नाहीत.”

“मग सांगतो ना काय झालं ते,” म्हणून ते बसतात आणि सांगूही लागतात. पण दोन प्रसंगांनंतर दुसऱ्याच पुस्तकातला शेवट याला जोडतात. ते मीही ओळखतो, त्यांनाही कळतं. एवढ्या कथा पोटात असल्यावर सरमिसळ व्हायचीच. चहा होतो, आणि ते एक शिवलेलं पुस्तक मागून नेतात. पुठ्ठा चढलेला नाही, तरी चालेल म्हणतात.

संध्याकाळी ७. दिव्याहून आलेली गाडी रोह्याकडे निघून जाते. आता फोन. जुन्या रहस्यकथा जमवणारे एक गृहस्थ कधीमधी माझ्याकडे काम देतात. त्यांच्याकडे ही झुंजारची कथा आहे, पण वेगळ्या छपाईची. आकार थोडा मोठा, पानांचे आकडे जुळत नाहीत. आमच्या प्रतीच्या ऐंशीव्या पानाचं शेवटचं वाक्य मी वाचून दाखवतो. ते शोधतात. त्यांच्या पुस्तकात ते चौऱ्याहत्तराव्या पानाच्या मध्यावर सापडतं.

रात्री ९. ते तिथून पुढच्या पानांचे फोटो पाठवतात. उद्या पेणला जाऊन त्यांच्या प्रती काढायच्या, मापात कापायच्या आणि सहाव्या फर्म्याच्या जागी शिवायच्या. वर एक चिठ्ठी लावायची, की ही पानं दुसऱ्या आवृत्तीतली आहेत आणि त्यातल्या पहिल्या अर्ध्या पानाचा मजकूर आधी येऊन गेलेला आहे. रोह्याच्या घरी विचारून घ्यायला हवं, उरलेल्या दोन पुस्तकांचंही असंच करायचं का.