चाकांवरचा संसार आणि पाच हजार किलोमीटरचा रस्ता

कॅम्पर व्हॅनमधून अमेरिका ओलांडण्याचा बेत मोहक खरा. पण अंतर, ऊन आणि अपुरी जागा यांचा हिशेब आधी मांडावा लागतो

मे महिन्याचा शेवटचा सोमवार अमेरिकेत युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ पाळला जातो, तर सप्टेंबरचा पहिला सोमवार हा तेथील कामगार दिन. या दोन सोमवारांच्या दरम्यानचा काळ म्हणजे अमेरिकनांच्या भटकंतीचा हंगाम. पलंग, शेगडी, फ्रिज आणि न्हाणीघर पोटात घेऊन धावणारी वाहने या दिवसांत महामार्गांवर जागोजागी दिसू लागतात. त्यातली जी आकाराने लहान, ती कॅम्पर व्हॅन. ती बहुधा दोघांचीच असते. कधी नुकतेच लग्न झालेले जोडपे, तर कधी मुले मार्गी लागल्यावर मोकळे झालेले साठीतले दाम्पत्य. उन्हाळ्यात मुलाकडे वा मुलीकडे काही महिन्यांसाठी जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या आई-वडिलांपुढेही कधी ना कधी हा बेत मांडला जातो.

बेत ऐकताना सोपा वाटतो. गाडी भाड्याने घ्यायची, पूर्वेच्या अटलांटिक किनाऱ्यावरून निघायचे आणि पश्चिमेला पॅसिफिकचे पाणी दिसेपर्यंत जायचे. प्रत्यक्षात या प्रवासाला स्वतःचे असे एक शास्त्र आहे. ते समजून न घेता निघालेल्यांची सुट्टी गाडी चालवण्यातच संपते.

पन्नास डॉलरची पैज

मोटारीने अमेरिका ओलांडण्याची हौस मोटारीइतकीच जुनी आहे. व्हरमाँटचे डॉक्टर होरेशिओ नेल्सन जॅक्सन यांनी १९०३ मध्ये पन्नास डॉलरच्या पैजेखातर सॅन फ्रान्सिस्को सोडले आणि ६३ दिवसांनी ते न्यूयॉर्कला पोहोचले. सोबत स्यूअल क्रॉकर हा मेकॅनिक होता आणि वाटेत मिळालेला बड नावाचा कुत्रा. रस्ते असे फारसे नव्हतेच. पुढे १९१५ मध्ये रोलंड काँकलिन या उद्योजकाने एका बसमध्येच घर थाटले आणि कुटुंबासह न्यूयॉर्क राज्यातून सॅन फ्रान्सिस्कोची वाट धरली. 'जिप्सी व्हॅन' म्हणून ती गाजली. आजच्या चाकांवरच्या घरांची ती पूर्वज म्हणता येईल.

१९१९ मध्ये लष्कराच्या वाहनांचा एक ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला. चिखल, वाळू आणि मोडके पूल यांतून वाट काढत पोहोचायला त्याला ६२ दिवस लागले. ताफ्यात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी होता. हाच अधिकारी पुढे अध्यक्ष झाला आणि जून १९५६ मध्ये त्याने आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली. सुमारे ४१ हजार मैलांचे जाळे विणण्याची ती योजना होती. आज ज्यावरून व्हॅन धावते, ते हे जाळे. त्याचे क्रमांकही ठरावीक पद्धतीने दिलेले आहेत. सम क्रमांकाचे मुख्य महामार्ग पूर्व-पश्चिम जातात, तर विषम क्रमांकाचे दक्षिणोत्तर. न्यूजर्सीहून सॅन फ्रान्सिस्कोला नेणारा ८० क्रमांकाचा आणि बोस्टनहून सिएटलला नेणारा ९० क्रमांकाचा, हे दोन्ही म्हणूनच सम.

मात्र मोकळा रस्ता सर्वांसाठी सारखाच मोकळा नव्हता, हेही नोंदले पाहिजे. कृष्णवर्णीय प्रवाशांना अनेक गावांत खानावळीचे आणि मुक्कामाचे दरवाजे बंद असत. त्यांना सुरक्षित ठिकाणे कळावीत म्हणून व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कच्या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ मध्ये 'ग्रीन बुक' ही मार्गदर्शिका सुरू केली. ती तब्बल तीस वर्षे निघत होती.

गाडी कोणती?

अमेरिकेत या वाहनांचे ढोबळ तीन वर्ग पाडले जातात. 'ए' वर्गात बसएवढी मोठी वाहने येतात, 'सी' वर्गात ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली आणि चालकाच्या डोक्यावर पलंग असलेली. 'बी' वर्ग म्हणजे कॅम्पर व्हॅन. ही साधारण सहा मीटर लांब, उंच टपाची बंदिस्त व्हॅन असते. फोक्सवॅगनने १९५० मध्ये आणलेल्या व्हॅनवर वेस्टफालिया कंपनीने वर्षभरातच झोपण्याची सोय केली आणि हा प्रकार रूढ झाला. आता बहुतेक गाड्या मर्सिडीज स्प्रिंटर, फोर्ड ट्रान्झिट किंवा रॅम प्रोमास्टर यांवर बांधलेल्या असतात.

दोघांसाठी लहान गाडी निवडण्यामागे केवळ काटकसर नसते. मोठ्या गाडीला लिटरमागे तीन-चार किलोमीटरच मिळतात, तर व्हॅनला साधारण सहा ते आठ. शिवाय लांबीचा प्रश्न असतो. माँटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातून जाणारा 'गोइंग टू द सन' हा डोंगरी रस्ता २१ फुटांहून लांब वाहनांना मधल्या टप्प्यात बंद आहे. गाडी ठरवण्यापूर्वी वाट ठरवावी, असे जाणकार सांगतात ते यामुळेच.

भाड्याचा आकडा पाहतानाही सावध राहावे लागते. दिवसाच्या भाड्याखेरीज मैलांचा, विम्याचा, अंथरुण-भांड्यांच्या संचाचा आणि जनरेटरच्या वापराचा आकार अनेकदा वेगळा असतो. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात गाडी सोडली, तर त्याचे शुल्क निराळे. भारतीय परवान्याबाबतचे नियम राज्याराज्यांत भिन्न आहेत. त्यामुळे मूळ परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना जवळ ठेवणे हिताचे.

तीन टाक्यांचे गणित

घरात नळ सोडला की पाणी येते आणि वापरलेले पाणी कुठे जाते, याचा विचार कोणी करत नाही. व्हॅनमध्ये तो रोज करावा लागतो. गाडीत तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी भांडी आणि आंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी शौचालयाची. लहान व्हॅनमध्ये स्वच्छ पाणी शंभर लिटरच्या आसपासच मावते. त्यामुळे आंघोळ दोन-तीन मिनिटांत उरकावी लागते. दुष्काळी भागात टँकरची वाट पाहिलेल्याला हे शिकवावे लागणार नाही. चोवीस तास पाण्याची सवय असलेल्याला मात्र पहिले दोन दिवस जड जातात.

भरलेल्या टाक्या ठरवून दिलेल्या ठिकाणीच रिकाम्या करता येतात. उघड्यावर सोडणे हा गुन्हा आहे. आधी शौचालयाची आणि मग सांडपाण्याची टाकी सोडायची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते, हा त्यातला साधा नियम. विजेचेही दोन संसार असतात. दिवे आणि पाण्याचा पंप बॅटरीवर चालतो. घरभागातला एअर कंडिशनर बहुधा छावणीतली वीज जोडल्यावर किंवा जनरेटर लावल्यावरच चालतो आणि रात्री ठरावीक तासांनंतर जनरेटरला मनाई असते. शेगडी गॅसवर चालते. गाडी हलवण्यापूर्वी गॅस बंद, खिडक्या बंद, पायरी आत, अशी उजळणी करण्याची सवय लावून घ्यावी लागते.

दिवसाला किती?

न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सरळ महामार्गाने सुमारे ४,७०० किलोमीटर आहे. वाट थोडी वाकडी केली की ते पाच हजारांच्या पुढे जाते. रोज आठ-नऊ तास गाडी हाकली, तर आठवडाभरात पलीकडे पोहोचता येईल. पण मग पाहणार काय? या प्रवाशांमध्ये तीनचा एक नियम सांगितला जातो. दिवसात तीनशे मैलांहून अधिक जाऊ नये, दुपारी तीनपर्यंत मुक्काम गाठावा आणि एका जागी तीन रात्री राहावे. तीन हजार मैलांना हा नियम लावला, तर दहा टप्पे आणि तीस रात्री होतात. दोन आठवड्यांची रजा हाती असेल, तर सबंध देश ओलांडण्याचा हट्ट सोडून एखादाच भाग निवडणे शहाणपणाचे ठरते.

नव्वद क्रमांकाच्या महामार्गाने शिकागो सोडले, की मक्याची शेते सुरू होतात आणि दिवसभर संपत नाहीत. साउथ डकोटात वॉल नावाचे छोटे गाव लागते. तेथे टेड आणि डोरोथी हस्टेड या दाम्पत्याने १९३१ मध्ये औषधांचे दुकान घेतले, पण गिऱ्हाईक फिरकेना. १९३६ च्या उन्हाळ्यात डोरोथी यांना एक कल्पना सुचली. रस्त्यावर पाट्या लावायच्या : येथे बर्फाचे थंड पाणी फुकट. तहानलेले प्रवासी थांबू लागले आणि दुकान देशभर प्रसिद्ध झाले. तेथून जवळच बॅडलँड्सचे झिजलेले डोंगर आहेत. पुढे चार अध्यक्षांचे चेहरे कोरलेला माउंट रशमोर, आणि मग १८७२ मध्ये स्थापन झालेले यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान. यलोस्टोनमध्ये गवे रस्त्यात उभे राहून वाहतूक अडवतात. त्यांच्यापासून किमान २५ यार्ड आणि अस्वलापासून १०० यार्ड दूर राहण्याचा नियम आहे.

मुक्काम कुठे?

राष्ट्रीय उद्यानांतील छावणीच्या जागा मोजक्या असतात. अनेक ठिकाणी त्या सहा महिने आधी आरक्षणासाठी खुल्या होतात आणि लोकप्रिय उद्यानांत पाहता पाहता संपतात. जुलैचा बेत असेल, तर जानेवारीतच तयारीला लागावे लागते. खासगी तळांवर पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी मिळते, पण दर चढे असतात. तिसरा पर्याय म्हणजे केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याच्या जमिनी. त्यांचे क्षेत्र महाराष्ट्राच्या सुमारे तिप्पट असून बहुतेक पश्चिमेकडील राज्यांत आहे. त्यातील बऱ्याच ठिकाणी साधारण चौदा दिवसांपर्यंत विनामूल्य राहता येते. मात्र तेथे नळ नाही, दिवा नाही आणि अनेकदा मोबाइलला रेंजही नाही.

भारतातून गेलेल्या पाहुण्यांनी एक बदल ध्यानात घ्यावा. सर्व राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास अमेरिकेतील रहिवाशांना ८० डॉलरला मिळतो. १ जानेवारी २०२६ पासून परदेशी नागरिकांसाठी तो २५० डॉलर झाला आहे. पास नसल्यास यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यनसह अकरा गर्दीच्या उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा द्यावे लागतात.

ऊन आणि घाट

खरा धोका पश्चिमेला आहे. यूटा राज्यात ७० क्रमांकाच्या महामार्गावर ग्रीन रिव्हर ते सलाइना या सुमारे १७० किलोमीटरच्या पट्ट्यात पेट्रोलपंप नाही. टाकी अर्धी झाली की भरायची, हा नियम तेथे जीव वाचवतो. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. जागतिक हवामान संघटनेच्या दप्तरी तोच विक्रम आहे. काही भाडे कंपन्या उन्हाळ्यात तेथे गाडी नेण्यास मनाईच करतात. अशा ठिकाणी गाडी बंद पडली, तर पायी मदत शोधायला निघू नये. गाडीच्या सावलीत थांबावे आणि माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी जवळ असावे. त्याच उन्हाळ्यात वणवेही पेटतात आणि रस्ते ऐनवेळी बंद होतात. म्हणून दुसरी वाट आधीच पाहून ठेवावी.

घाटांचेही तसेच. कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगदा ३,४०० मीटर उंचीवर आहे. तेथून उतरताना सतत ब्रेक दाबून धरला, तर तो तापतो आणि निकामी होतो. खालच्या गिअरमध्ये उतरावे, हा खंडाळ्याच्या घाटातला धडा रॉकी पर्वतातही तितकाच खरा.

दोघांचे काय?

व्हॅनच्या आतली जागा सत्तर-ऐंशी चौरस फुटांची. मुंबईतील बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे तिच्याही निम्मी. एकाने पलंगावरून उठायचे तर दुसऱ्याने सरकायचे. रुसून दुसऱ्या खोलीत जाण्याची सोय नाही. रस्ता चुकला तर चूक कोणाची, हा प्रश्न दोन फुटांच्या अंतरावरूनच विचारला जातो. सर्वाधिक खटके उडतात ते गाडी मागे घेताना. मागे उभा राहून हात करणारा आरशात दिसत नाही आणि चालवणाऱ्याला ओरडणे ऐकू येत नाही. अनुभवी प्रवासी हाताच्या खुणा आधी ठरवून घेतात आणि कामेही वाटून घेतात. चालवणे, स्वयंपाक, टाक्या, नकाशा. आठवड्याने कामांची अदलाबदल करतात. एकाला काही झाले, तर दुसऱ्याला गाडी चालवता आली पाहिजे, हा त्यामागचा गंभीर विचार.

त्याच वाहनतळावर

या प्रवासाची आणखी एक बाजू आहे. मोठ्या दुकानांच्या वाहनतळावर, व्यवस्थापकाची परवानगी असल्यास, रात्रभर गाडी उभी करता येते. तेथे शेजारी उभ्या असलेल्या व्हॅनमधले दाम्पत्य सहलीला निघालेले असेलच, असे नाही. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर घर आणि साठवणूक गमावलेले अनेक वयस्क अमेरिकन गाडीतच राहू लागले आणि हंगामी कामांच्या मागे राज्याराज्यांतून फिरू लागले. पत्रकार जेसिका ब्रुडर यांनी २०१७ मध्ये 'नोमॅडलँड' या पुस्तकात त्यांची हकीकत मांडली. त्यावरील क्लोई झाओ यांच्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओरेगनमधील ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात, सार्वजनिक जागी मुक्काम करणाऱ्यांना शहरे दंड करू शकतात, असा निर्णय दिला. त्यानंतर घर नसलेल्यांची वाट अधिकच अवघड झाली.

पलंग तोच, शेगडी तीच, टाक्याही त्याच. फरक इतकाच, की एका दाम्पत्याच्या खिशात परतीच्या घराची किल्ली असते आणि दुसऱ्याच्या नसते. महिनाभर शंभर लिटर पाण्यात आणि ऐंशी चौरस फुटांत राहून आलेल्यांना पॅसिफिकच्या सूर्यास्ताइतकेच हेही दिसले, तर पाच हजार किलोमीटरची रपेट सार्थकी लागली म्हणायची.