गुलगंजी हुळ आणि हाताचे मोल

हल्ली कॉलेजच्या आवारात मुलामुलींच्या पाठीवरच्या सॅककडे जरा निरखून पाहावे. कुणाच्या सॅकला लोकरीचे अस्वल लटकलेले असते, कुणाच्या सूर्यफूल, कुणाच्या मधमाशी; आणि बऱ्याच जणींकडे लाल पाठीवर काळे ठिपके मिरवणारा एक गोल किडा. स्कूटरच्या किल्लीला तोच, घराच्या कुलपाच्या किल्लीलाही तोच. सगळे क्रोशाच्या सुईने विणलेले आणि आत कापूस भरलेले.

क्रोशा आपल्याला नवा नाही. आई-आजीच्या पिढीने त्याने रुमालाच्या कडा विणल्या, दाराची तोरणे केली, रेडिओ-टीव्हीवर जाळीची झाकणे घातली आणि लेकीच्या रुखवतात ते सारे हौसेने मांडले. मध्ये बरीच वर्षे ती सुई कपाटाच्या तळाशी पडून होती. आता ती नातीच्या हातात आली आहे, पण जपानचा फेरफटका मारून! अशा भरीव खेळण्यांना जपानीत ‘अमिगुरुमी’ म्हणतात. ‘अमि’ म्हणजे विणकाम आणि ‘नुइगुरुमी’ म्हणजे कापूस भरलेली बाहुली. त्या दोहोंचा हा जोडशब्द.

त्या लाल किड्याला आपले शेतकरी ढालकिडा म्हणतात. कन्नडमध्ये त्याचे नाव आहे ‘गुलगंजी हुळ’. गुलगंजी म्हणजे आपली गुंज आणि हुळ म्हणजे किडा. लाल-काळ्या गुंजेसारखा दिसणारा म्हणून गुंजकिडा! ज्या घरात दोन्ही भाषा नांदतात, तिथल्या मुलांना हे नाव आवर्जून सांगावे. जोंधळ्यावर मावा पडला, पाने चिकट झाली की हा किडा आणि त्याची अळी मावा खायला हजर होतात. २००२ साली सांगली भागात आणि पाठोपाठ आपल्या उत्तर कर्नाटकात उसावर लोकरी मावा पडला होता, तो अनेकांच्या स्मरणात असेल. त्याला आवर घालणाऱ्या मित्रकिडींमध्ये मोठा वाटा इतरांचा असला तरी ढालकिडेही होतेच. लोकरी मावा खाणारा किडा आज लोकरीचाच होऊन किल्लीला लटकावा, ही गंमतच.

साहित्य आणि कृती

लाल आणि काळी लोकर थोडी थोडी, अडीच मिलिमीटरची क्रोशाची सुई, मोठ्या नाकाची शिवणाची सुई, एक सेफ्टी पिन, किल्लीची कडी आणि भरायला उशीत घालतात तो पॉलिस्टरचा कापूस. साधा कापूस नको. तो ओला झाला की गोळा होतो आणि लवकर वाळत नाही. लोकरीच्या मानाने सुई थोडी बारीकच घ्यावी, म्हणजे वीण घट्ट येते आणि भोकांतून कापूस डोकावत नाही.

टाका एकच लागतो, मुका खांब. सुई टाक्यात घालून दोरा ओढायचा, सुईवर दोन फासे झाले की पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढायचा. जाळीच्या कामात उंच खांब शोभतात. इथे मात्र ठेंगणा, घट्ट मुका खांबच हवा.

बोटाला लाल दोरा गुंडाळून एक सैल फास करावा. त्यात ६ मुके खांब विणावेत आणि दोऱ्याचे टोक ओढून फास आवळावा. मधले भोक मिटते. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन खांब, म्हणजे १२. तिसरीत एक साधा आणि पुढच्या टाक्यात दोन, असे करत १८. चौथीत दोन साधे आणि तिसऱ्या टाक्यात दोन, म्हणजे २४. पाचव्या आणि सहाव्या फेरीत काही वाढवायचे नाही, २४ वर २४ विणत जायचे. चकती हळूहळू वाटीसारखी वळते. ही किड्याची पाठ. फेऱ्या गोगलगाईच्या शंखासारख्या सलग फिरतात, त्यांना सांधा नसतो. म्हणून प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवावी.

पोटासाठी काळ्या लोकरीची ६, १२, १८, २४ अशी चारच फेऱ्यांची सपाट चकती करावी. डोक्यासाठी काळीच ६, १२ आणि पुन्हा १२ अशी छोटी टोपी. तिच्यात कापूस भरून ती पाठीच्या कडेला शिवावी. पाठीवर मधोमध काळ्या दोऱ्याची उभी रेघ काढावी, कारण खऱ्या किड्याची पाठ म्हणजे दोन पंखांची मिटलेली झाकणे असतात. दोन्ही बाजूंना गाठीच्या टाक्याचे ठिपके घालावेत. मिशांसाठी दोन छोट्या साखळ्या. मग पाठ आणि पोट एकमेकांवर ठेवून २४ मुक्या खांबांनी कडा जोडाव्यात; शेवटचे पाच-सहा टाके उरले की कापूस भरावा आणि तोंड मिटवावे. कडी नुसती वरच्या टाक्याला अडकवली तर किल्लीच्या ओढाताणीत टाका उसवतो. म्हणून कडीचा दोरा शिवणाच्या सुईने अंगातून आरपार तीन-चार वेळा ओवून घ्यावा.

एक सूचना महत्त्वाची. हौसेने डोळ्यांना किंवा ठिपक्यांना खऱ्या गुंजा लावू नयेत. गुंजेचे बी दिसायला सुंदर, पण चावून पोटात गेले तर अत्यंत विषारी असते. मणी-बटणेही लहान मूल तोडून तोंडात घालते. दोऱ्याचे ठिपके सर्वांत बरे.

मोजणारे हात

हे सारे काम मोजण्याचे आहे. दर फेरीला ६ टाके वाढवले की चकती सपाट राहते, वाढवणे थांबवले की वाटी होते, आणि सहाहून फार जास्त वाढवले की कडेला झालर पडते. या झालरीचा उपयोग एका गणितज्ञ बाईने फार सुंदर केला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या डायना टायमिना यांनी १९९७ साली क्रोशाने विणूनच वक्र भूमितीचे एक अवघड प्रतल विद्यार्थ्यांच्या हातात ठेवले. कागदावर जे नीट दाखवता येत नव्हते ते लोकरीने दाखवले.

आपल्या भागाला मोजून भरण्याची सवय जुनी आहे. धारवाडकडची कसुती घ्या. कापडावर नक्षी न रेखाटता, नुसते उभे-आडवे धागे मोजून गावंती, मुरगी, नेगी, मेंथी हे टाके घालत इरकलीवर गोपुरे आणि मोर उठवणाऱ्या बायका गणितातच वावरत होत्या. फक्त त्याला कुणी गणित म्हटले नाही. घरी नातवंडाला शेजारी बसवून एक-दोन-तीन आणि ओंदु-एरडु-मूरु असे आलटून पालटून टाके मोजले, तर दोन्ही भाषांचे पाढे एकाच बैठकीत होतात.

आता आपल्या किड्याचे टाके मोजू. पाठीचे ६, १२, १८, २४, २४, २४ मिळून १०८. बरोबर एक जपमाळ! पोटाचे ६०, डोक्याचे ३०, जोडणीचे २४. एकूण २२२. रेघ, ठिपके, मिशा आणि शिवण यांचे टाके वेगळे.

यंत्राला न जमलेले काम

दोन सुयांचे विणकाम यंत्रावर होते, स्वेटरचे कारखाने आहेत. क्रोशासारखी दिसणारी लेसही यंत्रावर निघते, पण तिची वीण वेगळी असते. भरीव क्रोशा विणून बाजाराला पुरवणारे यंत्र मात्र अजून आलेले नाही. म्हणजे बाजारात अगदी स्वस्तात मिळणारा क्रोशाचा किडाही कुणाच्या तरी बोटांनी टाका टाका मोजूनच केलेला असतो.

ती बोटे कुणाची, हा प्रश्न मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी विचारला होता. साठच्या दशकात त्या पुण्यात जर्मन शिकवत असत. पुढे त्यांनी आंध्रातल्या नरसापूर परिसरातल्या क्रोशा-लेस करणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९८२ साली आले. तिथल्या बायका स्वयंपाकपाणी सांभाळून रोज कित्येक तास लेस विणत. ती लेस परदेशी जाई. व्यापारी आणि निर्यातदार पुरुष त्यावर श्रीमंत झाले. विणणारीला मात्र कुणी कामगार म्हणत नसे. ती ‘गृहिणी’ आणि तिचे काम म्हणजे फावल्या वेळचा उद्योग. एकदा कामाला फावल्या वेळचे म्हटले की त्याची मजुरी कितीही कमी ठेवता येते, हे मीसबाईंनी दाखवून दिले. याच नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कामाला मान मिळाला, हे चांगलेच झाले; करणारीच्या पदरात काय पडते, हे मात्र पुढेही पाहावे लागेल.

हे लांबचे वाटत असेल तर घरचा हिशेब करू. समजा, साहित्य १५ रुपयांचे आणि सरावलेल्या हाताला शिवणासकट दीड तास लागला. किडा ५० रुपयांना विकला, तर उरले ३५. म्हणजे तासाला तेवीस रुपयांच्या आसपास. आठ तास मान मोडून बसले तरी दिवसाला दोनशे रुपये होत नाहीत. आणि तरी स्नेहसंमेलनातल्या किंवा महिला मंडळाच्या स्टॉलवर आपणच म्हणतो, “एवढ्याशा किड्याला पन्नास? चाळीसला दे की.” मॉलमध्ये छापील किमतीला निमूटपणे पैसे मोजणारे आपण, शेजारच्या मुलीच्या बोटांशी मात्र घासाघीस करतो.

यावर उपाय साधा आहे. विकणारीने प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर किमतीबरोबर लागलेला वेळही लिहावा. साहित्य अधिक वेळ, असा हिशेब मुलींनी पहिल्याच वस्तूपासून वहीत मांडायला शिकावे. घेणाऱ्याने परवडत नसेल तर घेऊ नये, पण भाव पाडू नये. आणि घरात कुणी विणत बसले असेल तर “तुला बराच वेळ मिळतो गं” हे वाक्य गिळून टाकावे. सुनेला, मुलीला आणि हो, सुई हातात घेणाऱ्या मुलालाही.

मराठीत आपण म्हणतो, हात फिरे तेथे लक्ष्मी वसे. कन्नडमध्ये म्हणतात, कै केसरादरे बायि मोसरु; हात चिखलात गेले तर तोंडी दही येते. दोन्ही म्हणींनी हाताला मान दिला आहे. तो मान दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोचवणे आपले काम.

गुंजेचे पूर्वी आणखी एक काम होते. सोनाराच्या काट्यात ती वजन म्हणून पडायची. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. सोन्याचा कणही वाया जाऊ नये म्हणून इतक्या बारीक मापाने तोलणारी आपली माणसे. तिच्याच नावाचा हा किडा हातात घेताना त्यातले दोनशे बावीस टाकेही त्याच काट्याने तोलायला हवेत.