पोस्टकार्डाएवढा आधार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वेगवान मोटारींची हौस असलेली तरुण मुले हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. रेसच्या ट्रॅकवर जे टायर वापरतात, तेच रोजच्या गाडीला लावले तर गाडी रस्ता अधिक घट्ट धरेल ना? महाग ते चांगले, रेसचे ते आणखी चांगले, असा साधा हिशेब त्यामागे असतो. टायरच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकतो, आणि पावसाळ्यात तो जिवावर बेतू शकतो.

आधी टायर किती जागेवर उभा असतो ते पाहू. बाराशे किलोच्या मोटारीत प्रत्येक चाकावर सरासरी तीनशे किलो भार येतो. चाकात ३२ पौंड हवा असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलोचा दाब पडतो. तीनशेला सव्वादोनने भागा. उत्तर येते सुमारे १३३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे टपाल खात्याच्या एका पोस्टकार्डाएवढी जागा. अशा चार पोस्टकार्डांवर तुमची गाडी, तुम्ही आणि तुमचे कुटुंब असता. ब्रेक दाबणे, वळणे, वेग घेणे ही सारी कामे तेवढ्याच जागेतून होतात.

या जागेत रबर रस्त्याला दोन प्रकारे धरते. एक तर त्याचे रेणू डांबराच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात. दुसरे म्हणजे खडीच्या बारीक उंचवट्यांत रबर दबते आणि पुन्हा मूळ आकारात यायला थोडा वेळ घेते. या दिरंगाईतच पकड असते. रबर किती मऊ राहील हे तापमानावर अवलंबून असते. थंड झाले की ते कडक होते, फार तापले की तेलकट झाल्यासारखे निसटते. टायर बनवणाऱ्याची सारी कसरत असते ती रबर कोणत्या तापमानाला उत्तम चालावे हे ठरवण्यात.

आता 'ट्रॅक डे' म्हणजे काय ते सांगतो. ही शर्यत नव्हे. ठरावीक शुल्क भरून आपलीच गाडी बंदिस्त ट्रॅकवर मनसोक्त चालवायची, एवढेच. ब्रिटनमध्ये हा छंद चांगला रुजला आहे. तिथले सिल्व्हरस्टोन, गुडवूड, कॅसल कूम हे ट्रॅक मूळचे दुसऱ्या महायुद्धातले विमानतळ. जर्मनीत न्यूरबुर्गरिंगचा १९२७ साली सुरू झालेला, सुमारे २०.८ किलोमीटर लांबीचा उत्तर मार्ग तर तिकीट काढून कोणालाही आपल्या गाडीने फिरता येतो. लोक घरून गाडी चालवत येतात, ट्रॅकवर फेऱ्या मारतात आणि त्याच गाडीने परत जातात. त्यांच्यासाठीच रस्त्यावर चालवण्याची परवानगी असलेले, पण ट्रॅककडे झुकलेले टायर निघाले.

रस्त्यासाठी बनवलेल्या हाय-परफॉर्मन्स टायरला सगळे सांभाळावे लागते. पहाटेचा गारठा, दुपारची तापलेली सडक, पाऊस, खड्डे, शिवाय आयुष्यही पुरेसे हवे. त्याच्या रबरात सिलिका मिसळलेली असते. मिशेलिन कंपनीने १९९२ मध्ये हे तंत्र मोटारींच्या टायरमध्ये आणले आणि ओल्या रस्त्यावरची पकड न गमावता इंधनाची बचत साधली. असा टायर पहिल्या ब्रेकपासून काम करतो. ट्रॅकचा टायर तसा नसतो. त्याचे रबर साधारण ७०-८० अंशांपर्यंत तापल्यावर खुलते. ट्रॅकवर दोन-तीन फेऱ्यांत तेवढी उष्णता येते. बाजारात भाजी आणायला जाताना ती येत नाही. थंडीतल्या सकाळी घराबाहेर पडल्यावर पहिल्याच चौकात कोणी आडवे आले, तर हा महागडा टायर साध्या टायरपेक्षाही कमी पकड देऊ शकतो.

दुसरा फरक खाचांचा. नव्या रस्त्याच्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. ट्रॅकच्या टायरची पाच-सहाच मिलिमीटर, आणि खाचाही मोजक्या. कारण कोरड्या ट्रॅकवर खाचा अडचणच करतात. उंच रबरी ठोकळे जोराच्या वळणावर वाकतात, तापतात, त्यांचे तुकडे उडतात. म्हणूनच रस्त्याचा उत्तम टायरही ट्रॅकवर थोड्याच फेऱ्यांत दमतो. तिथे ट्रॅकचा टायर वरचढ ठरतो, यात वाद नाही.

पण पाऊस आला की चित्र उलटते. वीस सेंटिमीटर रुंदीचा टायर तीन मिलिमीटर पाण्यातून ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याला दर सेकंदाला सुमारे १३ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. सेकंदाला जवळपास एक बादली! खाचांना हे झेपले नाही, तर टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. अमेरिकेतील नासा या संस्थेने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून यासाठी एक सूत्र दिले. त्यानुसार ३२ पौंड हवेच्या टायरला हा धोका ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो. मोटारीच्या टायरला हे सूत्र अंदाजानेच लागू पडते, पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना १०० ची मर्यादा आहे, हे लक्षात घ्या. नियम पाळूनही आपण धोक्याच्या हद्दीत असू शकतो. उथळ खाचांचा ट्रॅक टायर किंवा झिजून गोटा झालेला साधा टायर, पाण्याच्या लेखी दोघे सारखेच.

तिसरी गोष्ट आयुष्याची. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या टायरवर झीज दाखवणारा आकडा छापतात. तुलनेसाठी ठेवलेल्या टायरला १०० मानले, तर ३०० आकड्याचा टायर तिप्पट टिकावा, असा त्याचा अर्थ. ट्रॅककडे झुकलेल्या टायरवर १०० ते २००, रस्त्याच्या परफॉर्मन्स टायरवर ३०० च्या आसपास आणि साध्या टायरवर ४००-५०० असे आकडे सामान्यपणे दिसतात. ते कंपनीच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांची तुलना काटेकोर होत नाही. शिवाय ट्रॅकचा टायर पुन्हापुन्हा तापून-निवून कडक होतो. नक्षी शिल्लक दिसते, पण पकड गेलेली असते.

आणखी एक बाब हौशी मंडळींनी ध्यानात ठेवावी. टायर तापला की आतली हवा फुगते. तीस अंशांना भरलेली ३२ पौंड हवा ऐंशी अंशांना जवळपास ४० होते. म्हणून ट्रॅकवर मुद्दाम हवा कमी करतात. फेऱ्या संपल्यावर टायर निवतो, दाब आणखी उतरतो, आणि तशीच गाडी महामार्गावर काढली तर टायरच्या बाजूच्या भिंती वाकून-वाकून तापतात आणि फुटू शकतात. परत निघण्यापूर्वी टायर निवू द्यावेत आणि हवा भरून घ्यावी.

आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट हे नावाजलेले ट्रॅक आहेत. पुण्याहून चेन्नई हजार-बाराशे किलोमीटर. एवढा प्रवास ट्रॅकच्या टायरवर करण्यात शहाणपण नाही. ज्यांना खरी हौस आहे त्यांनी टायरचा वेगळा संच चाकांसकट बाळगावा आणि ट्रॅकवर पोचल्यावर बदलावा.

बाकी आपण सर्वांनी पावसाळ्यापूर्वी तीन कामे करावीत. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीच्या खुणा असतात. नक्षी त्या खुणांना टेकली, तर टायर बदलायलाच हवा, आणि पावसासाठी त्याआधीच बदललेला बरा. टायरच्या बाजूवर उत्पादनाचा चार आकडी शिक्का शोधा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. आणि महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, स्टेपनीसकट पाचही चाकांची हवा तपासा. या कामाला पाच मिनिटे पुरतात.