तळ उठलाच नाही

माझी आजी सदाशिव पेठेतली. क्वार्टर गेटच्या पलीकडं काही काम निघालं की ती पदर सावरत सांगायची, "जरा लष्करात जाऊन येते." पुढं कॉलेजात लष्करातल्याच मोदीखान्यातला एक मित्र झाला. तो लक्ष्मी रोडला वह्या घ्यायला निघाला की घरी सांगायचा, "सिटी में जा के आता हूँ." दोघांच्या घरांमध्ये अंतर जेमतेम तीन किलोमीटर. तरी एकीला पलीकडं लष्कर दिसायचं आणि दुसऱ्याला शहर. आपण राहतो तेही शहरच आहे, असं त्या मित्राच्या घरात कुणी म्हणत नसे. दोनशे वर्षं वस्ती असलेल्या जागेला तिथलेच लोक शहर का म्हणत नाहीत, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. त्याचं उत्तर पुणे कॅम्पच्या, म्हणजे आजीच्या लष्कराच्या, रस्त्यांवर मिळतं, पण त्याहून जास्त तिथल्या जमिनीच्या दप्तरात मिळतं.

छावणी हा शब्द आपल्याला नवा नाही. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणी करत. नद्यांना पूर, वाटा चिखलाच्या, घोड्यांना चालणं अवघड. मग चार महिने कुठंतरी तळ द्यायचा, दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं आणि तळ उठवायचा. उठणं हे छावणीत गृहीतच होतं. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई झाली, त्याच महिन्यात शनिवारवाडा इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि शहराच्या पूर्वेला व उत्तरेला त्यांच्या पलटणींचे तळ पडले. त्यांचीच पुढं पुणे आणि खडकी कॅंटोन्मेंट झाली. हे तळ मात्र कुठल्याच दसऱ्याला उठले नाहीत.

पलटण एकटी कधीच येत नाही. तिच्यामागून शिधा येतो, शिंपी येतो, खाटीक, पाववाला, धोबी, भिस्ती, सावकार, ठेकेदार येतो. कॅम्पातली नावं अजून ही यादी वाचून दाखवतात. मोदीखाना म्हणजे शिध्याचं कोठार. शिवाय शिंपी आळी आहे, कोळसा गल्ली आहे, सोलापूर बाजार आणि घोरपडी बाजार आहे. पारशी दुकानदार आले, बोहरी आणि मेमन व्यापारी आले, बगदादी यहुदी आले, गोव्याचे वादक आणि आचारी आले, मद्रासकडच्या पलटणींमागून तमीळ आणि तेलुगू कुटुंबं आली. सेंट मेरीज चर्च 1825 मधलं. डेव्हिड ससून यांच्या पैशातून उभं राहिलेलं सिनेगॉग 1867 मधलं. त्याच्या विटांच्या रंगावरून लोकांनी त्याला 'लाल देऊळ' म्हटलं. यहुद्यांच्या प्रार्थनामंदिराला देऊळ म्हणावं, असा शेजार या वस्तीनं घडवला. मला तो पुण्याच्या मोठ्या कमाईंपैकी एक वाटतो.

इथल्या कायद्याचं मूळ मात्र शेजारात नव्हतं, आजाराच्या भीतीत होतं. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल 1863 मध्ये आला. दर हजार गोऱ्या सैनिकांमागं वर्षाला 69 मरतात आणि त्यांतले बहुतेक लढाईत नव्हे तर तापानं, हगवणीनं, पटकीनं मरतात, असं त्यातून पुढं आलं. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी या कामात मोठा वाटा उचलला होता. पुढच्याच वर्षी, 1864 मध्ये कॅंटोन्मेंटचा कायदा झाला. बाजारात कुणी राहायचं, गटार कुठं काढायचं, मांस कुठं विकायचं, वेश्यांची तपासणी कशी करायची, हे सगळं सैनिकाची प्रकृती डोळ्यांपुढं ठेवून ठरवलं गेलं. छावणीच्या बाजारातला, म्हणजे सदर बाजारातला माणूस त्या कायद्याच्या नजरेत नागरिक नव्हता. फौजेला लागणारा आणि फौजेला धोका ठरू शकणारा, असा तो इसम होता. कायदा 1924 मध्ये बदलला, 2006 मध्ये पुन्हा बदलला. ती नजर पुरती बदलली, असं मला म्हणवत नाही.

पेठांनी या वस्तीला परकं मानलं, त्यालाही कारणं होती. 1897 च्या प्लेगात गोरे सोल्जर पेठांमधल्या घरांत शिरले, देवघरापर्यंत गेले. ती चीड रँडच्या वधापर्यंत पोचली. 24 जानेवारी 1943 च्या रात्री कॅम्पातल्या कॅपिटॉल थिएटरात क्रांतिकारकांनी बॉम्बस्फोट घडवला, तो तिथं येणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांसाठी. पुढं तेच थिएटर व्हिक्टरी म्हणून चाललं. म्हणजे लष्कर हा शब्द माझ्या आजीच्या पिढीनं साध्या पत्त्यासारखा वापरला, तरी त्याच्या तळाशी हा इतिहास साचलेला होता. फौज आपली झाल्यावरही शब्द तोच राहिला आणि अंतरही राहिलं.

आता जमिनीच्या दप्तराकडं येऊ, कारण खरी गाठ तिथं आहे. शहरात आपल्याकडं सिटी सर्व्हेचा उतारा असतो, गावात सातबारा असतो. कॅम्पात असतो जीएलआर, म्हणजे जनरल लँड रजिस्टर. कुठल्या तुकड्यावर कुणाचा कसला हक्क आहे, ते त्यात लिहिलेलं असतं आणि मालक म्हणून बहुतेक ठिकाणी भारत सरकार असतं. बंगल्यांचा भाग 'ओल्ड ग्रँट'वर. गव्हर्नर जनरलच्या 1836 च्या हुकुमापासून रूढ झालेल्या या पद्धतीत जमीन सरकारची आणि वरचं बांधकाम तेवढं राहणाऱ्याचं. सरकारला हवं तेव्हा एक महिन्याची नोटीस द्यायची, बांधकामाची किंमत द्यायची आणि जागा परत घ्यायची. अधिकाऱ्यांना राहायला घरं मिळावीत आणि वेळ आली तर मैदान मोकळं करता यावं, हा त्यामागचा हिशेब होता. बाजाराच्या भागात पट्टे. तीस वर्षांचा पट्टा, त्याचं दोनदा नूतनीकरण, फार तर नव्वद वर्षं. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या दशकात दिलेले असे पट्टे आता एकेक करून संपत आले आहेत. पणजोबांनी सही केली आणि मुदत पणतूच्या डोक्यावर येऊन ठेपली.

या हिशेबाचा अर्थ काय होतो, हे त्या मित्राच्या घरी कळलं. मोदीखान्यातलं दुमजली घर. खालच्या भिंती दगडी, वरचा मजला लाकडी, त्यावर पत्रा. आजोबांच्या वेळी एक कुटुंब होतं, आता चार भावांची चार. एकेकाच्या वाट्याला दीड खोली. जिना सागवानी, कठडा हातांनी घासून इतका गुळगुळीत झालेला की त्यावर ट्यूबलाइटचा उजेड चमकतो. खालून पाचवी पायरी मधोमध खचली होती. तिच्यावर दुकानातल्या फळकुटाचा तुकडा चार खिळ्यांनी ठोकला होता. घरातले सगळे तिथं न बघता पाय डावीकडं टाकत. पाहुण्याला मात्र वरून आवाज यायचा, "संभालके, बाएँ से." मोठ्या भावानं जिन्याची आणि मागच्या भिंतीची दुरुस्ती करायची ठरवली. बँकेत कर्जाला गेला तर तिथं जमिनीच्या मालकीचा कागद मागितला. दुरुस्तीच्या परवानगीला गेला तर जीएलआरवर अजून आजोबांचं नाव, आधी वारस लावा. वारस लावायला गेला तर आधी वाढीव मोरीचं बांधकाम काढा. मोरी काढली तर वरच्या दोन कुटुंबांनी आंघोळ कुठं करायची? मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तो पाचव्या पायरीवर फळकूट ठोकत होता. त्याला बरीच वर्षं झाली.

असं एखाद्याच घराचं नाही, गल्लीच्या गल्ली अशी आहे. बाहेरून बघणाऱ्याला कॅम्प मोहक दिसतो. ठेंगणी घरं, जुनी झाडं, रविवारी सकाळी बेकऱ्यांपुढच्या रांगा. पेठांतले वाडे पडून जिथं इमारती उठल्या, तिथून आलेल्याला हे सगळं जपलेलं वाटतं. पण यातलं बरंचसं जपलेलं नाही, अडकलेलं आहे. वारसा जपायचा तर मालकाला दुरुस्ती करता आली पाहिजे. जिथं खिळा ठोकायलाही धास्ती वाटते तिथं वारसा हळूहळू कुजतो. 2021 च्या मार्च महिन्यात शिवाजी मार्केटला आग लागली आणि त्याच महिन्यात फॅशन स्ट्रीटचे शेकडो गाळे जळाले, तेव्हा दाटी आणि दुर्लक्ष एकत्र आलं की काय होतं, ते सगळ्या शहरानं पाहिलं.

मग तिथल्या लोकांनी आवाज का उठवला नाही, असं कुणी विचारेल. आवाज उठवायचा कुठं? कॅंटोन्मेंट बोर्डाचा अध्यक्ष हा त्या ठाण्याचा लष्करी अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी संरक्षण संपदा सेवेतला. पूर्ण बोर्ड असतं तेव्हाही लोकांनी निवडून दिलेले जितके, तितकेच नेमलेले आणि पदसिद्ध. शेवटची निवडणूक झाली 2015 च्या जानेवारीत. मुदत संपली, दोनदा वाढवली, ती वाढही 2021 मध्ये संपली. त्यानंतर कारभार मोजक्या सदस्यांच्या बदललेल्या बोर्डाकडं गेला आणि त्यात नागरिकांच्या वतीनं एकच माणूस, तोही नेमलेला. 30 एप्रिल 2023 ला निवडणूक घ्यायचं जाहीर झालं, तेही मार्चमध्ये रद्द झालं. ज्यांची घरं बोर्डाच्या लेखी अनधिकृत, त्यांची नावं तर त्याआधीच बोर्डाच्या मतदारयादीतून निघाली होती. तोच माणूस लोकसभेला मत देतो, विधानसभेला देतो. पुणे कॅंटोन्मेंट नावाचा विधानसभा मतदारसंघच आहे. दारातल्या गटाराबद्दल मात्र त्याला मत नाही. मला यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त खुपते. पैशाची तंगी आहेच. केंद्राच्या मालमत्तेवर मालमत्ताकर लावता येत नाही, त्याऐवजी सेवाशुल्क मिळतं. जकातीसारखी जुनी उत्पन्नं गेली. पण तंग महापालिकेलाही लोक जाब विचारू शकतात. इथं जाब विचारायचं दारच बंद आहे.

घर अडकल्याची हीच गोष्ट शहराच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या रूपात भेटते. तुकोबांचं देहू आपल्याला माहीत आहे. देहूरोड ही त्याच्या नावावर उभी राहिलेली वेगळीच वस्ती, दारूगोळ्याच्या डेपोची आणि त्यामागून आलेल्या कामगारांची. 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथं बुद्धमूर्तीची स्थापना केली. धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षं आधीची ही घटना. बाबासाहेब स्वतः महूच्या छावणीत जन्मलेले, सुभेदाराचे चिरंजीव. छावणीनं ज्यांना शाळा आणि पगार दिला, अशा घरांचा हाही वारसा आहे आणि तो विसरून छावण्यांबद्दल बोलता येत नाही. आज देहूरोडच्या डेपोभोवती 2000 यार्डांचा पट्टा 'रेड झोन' आहे. स्फोट झालाच तर जीवितहानी होऊ नये म्हणून त्यात बांधकामाला मनाई. कारण रास्त आहे. पण मनाई येईपर्यंत निगडी, रुपीनगर, तळवडे या बाजूला कारखान्यांच्या आधारानं वस्ती वाढत येऊन या रेषेत शिरली होती. घरं झाली, शाळा झाल्या, वीजजोड मिळाले. लोकांनी आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेली खोली ना विकता येते, ना वाढवता येते. डेपो आधी आला हे खरं, आणि पिंपरी-चिंचवडचे कारखाने आले तेव्हा कामगार कुठं राहणार याचा विचार कुणी केला नाही, हेही खरं.

आता विलीनीकरणाचं वारं आहे. देशात 62 कॅंटोन्मेंट होती, त्यांतली सात महाराष्ट्रात: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी. फौजेचा भाग लष्करी ठाणं म्हणून वेगळा ठेवायचा आणि नागरी वस्ती जवळच्या पालिकेला द्यायची, असं केंद्रानं ठरवलं. 2023 च्या एप्रिलमध्ये हिमाचलातलं योल सगळ्यात आधी या यादीतून निघालं. कॅम्पात चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की एक जण एफएसआयचं गणित मांडतो आणि दुसरा पाण्याची काळजी करतो. काळजी खोटी नाही. पुणे महापालिकेनं 2017 मध्ये अकरा गावं घेतली, 2021 मध्ये तेवीस घेतली, क्षेत्रफळात मुंबईला मागं टाकलं. त्या गावांतल्या कितीतरी सोसायट्यांपुढं अजून सकाळी टँकर उभा असतो.

माझं मत विलीनीकरणाच्या बाजूनं आहे, पण अर्ध्या विलीनीकरणाच्या बाजूनं नाही. केंद्रानं 2024 मध्ये आखलेल्या धोरणात रस्ते, दवाखाने, शाळा, पाणीयोजना पालिकेकडं विनामोबदला जाणार आहेत. जमिनीची मालकी मात्र, जिथं ती केंद्राची आहे तिथं, केंद्राकडंच राहणार आहे. म्हणजे नगरसेवक येईल, करपावती नव्या रंगाची येईल आणि जीएलआरवरचा मालक तोच राहील. मोदीखान्यातला मोठा भाऊ बँकेत गेला तर साहेब कागद तोच मागणार. पट्टे आणि ओल्ड ग्रँट यांचं रूपांतर मालकीहक्कात कसं, किती पैशांत, किती मुदतीत होणार, हे आधी लिहून मिळालं पाहिजे. नाहीतर या वस्तीवर एकाऐवजी दोन कचेऱ्यांचा अंमल येईल.

आणि मालकी मिळाली तर दुसरं संकट दारात उभं राहील. आज जी गल्ली अडकली म्हणून टिकली आहे, ती सुटली की पाच वर्षांत बिल्डरच्या हाती जाईल. भाडेकरू शिंपी, पोटभाडेकरू मोची, तळमजल्यावरचा पाववाला यांचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही. कॅम्पचं कॅम्पपण यांच्यामुळं आहे. बाजाराच्या भागासाठी उंचीची मर्यादा वेगळी ठेवता येते, तळमजल्यावरची छोटी दुकानं राखण्याची अट घालता येते, दुरुस्तीला कर्ज आणि सवलत देता येते. त्यासाठी पेठांचेच नियम इकडं उचलून आणून चालणार नाही. गल्लीगल्लीत बसून, तिथल्या लोकांना विचारून नियम लिहावे लागतील.

क्वार्टर गेटला आज गेट नाही, पूलगेटलाही नाही. गेल्या महिन्यात मी पूलगेटला उतरून चालत मोदीखान्यात गेलो. मित्र दुबईला असतो, मोठा भाऊ आता साठीचा आहे. विलीनीकरण झालं तर काय कराल, असं मी विचारलं. तो म्हणाला, "पहले सीढ़ी." मग माझ्यासाठी मराठीत म्हणाला, "आईला वर्षभर खाली आणलेलं नाही." चहा पिऊन मी उतरायला लागलो. फळकूट नवं होतं, खिळे चारांचे सहा झाले होते. वरून म्हातारीचा आवाज आला, "बाएँ से, बेटा."