घर बांधताय? मग गरम पाण्याचं आधी ठरवा

आमच्या बचत गटातल्या एकीचं घर सध्या बांधून होतंय. होतंय म्हणजे जोत्यापर्यंत आलंय. दीड गुंठ्याचा प्लॉट, नवऱ्याच्या फंडाचे पैसे, थोडं कर्ज आणि वीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत साठवलेली हौस. मागच्या महिन्यात बैठक संपल्यावर तिनं पिशवीतून प्लॅनची गुंडाळी काढली आणि सतरंजीवर पसरली. आम्ही सगळ्या वाकून बघायला लागलो. ओट्याची उंची ठरलेली, देवघराची दिशा ठरलेली, पलंगाखाली किती खण हेसुद्धा ठरलेलं!

"आणि आंघोळीच्या पाण्याचं काय गं?" मी विचारलं.

"त्यात काय ताई, गॅस गीझर लावू बाथरूममध्ये. स्वस्तात पडतो आणि बिलाची कटकट नाही."

माझ्या पोटात गोळाच आला. तिला काही कळेना, एवढं काय झालं ते. म्हणून मग तिला सांगितलं, तेच इथं सांगते.

काही वर्षांपूर्वी, भोगीच्या दिवशी, माझी भाची न्हायला गेली होती. भोगीचं न्हाणं म्हणजे डोक्यावरून, आणि तिचे केस कमरेपर्यंत. त्यात कडाक्याची थंडी. बाथरूम जेमतेम चार बाय सहा, खिडकी घट्ट लावलेली आणि गॅस गीझर आतच भिंतीवर. वहिनी स्वयंपाकघरात बाजरीच्या भाकरी थापत होत्या. पाणी पडतंय पण तांब्याचा आवाज थांबलाय, हे त्यांच्या लक्षात आलं म्हणून बरं. हाका मारल्या, उत्तर नाही. शेवटी भावानं धक्के मारून कडी तोडली. पोरगी भिंतीला टेकून बसलेली, मान पडलेली.

बाहेर आणल्यावर तिला उलटी झाली, थोडी शुद्ध आली. आता खरी गंमत, गंमत कसली म्हणा! कोरोनाच्या काळात घरोघरी आलेलं ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आमच्याकडेही होतं. भावानं लावलं तर आकडा ९८! मग सगळ्यांना वाटलं, रिकाम्या पोटी पित्त झालं असेल, लिंबूसरबत द्या. शेजारच्या काकांनी हट्टानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गीझर कुठला आहे?" लगेच ऑक्सिजन लावला. मुलगी वाचली.

झालं होतं ते असं. गॅस जळताना त्याला भरपूर हवा लागते. बंद खोलीतली हवा कमी पडली की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो, याला तोही नाही. श्वासातून गेला की रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि मग शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, पायांतली शक्तीच जाते. दार उघडावं असं वाटेपर्यंत उठता येत नाही. आणि साधं ऑक्सिमीटर? त्याला या दोन वायूंमधला फरकच कळत नाही. ते छान ९८ दाखवत राहतं. म्हणून मैत्रिणींनो, असं कुणाला झालं तर आधी गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, आकड्यावर विसंबू नका आणि डॉक्टरांना न विसरता सांगा की घरात गॅस गीझर आहे.

"पण ताई, आमच्याकडे एक्झॉस्ट फॅन बसवणार आहेत." हे मला नेहमी ऐकायला मिळतं. फॅन लावायचा राहतो हो! आणि थंडीत वारा येतो म्हणून झरोक्याला पुठ्ठा कोण लावतं? आपणच ना? गॅस गीझर हवाच असेल तर तो आणि सिलिंडर दोन्ही बाथरूमच्या बाहेर, उघड्या गॅलरीत किंवा परसात. बाथरूमच्या खिडकीखालीही नको. भिंतीतून फक्त गरम पाण्याची नळी आत यावी. भिंतीला छिद्र नंतर पाडण्यापेक्षा बांधतानाच नळी सोडून ठेवणं किती सोपं! हो, आणि कडी अशी बसवा की वेळ आली तर बाहेरून उघडता येईल.

माझ्या माहेरी तांब्याचा बंब होता. पडवीत असायचा. मधल्या नळीत ढलप्या, करवंट्या, कधी सुतारकामाचा भुसा. पहाटे आजी तो पेटवायची आणि धूर सरळ आभाळात. चुलीचा वैल होता, त्यावर उरलेल्या धगीत पाण्याचं भगुणं. जाळ बाहेर आणि पाणी आत, असा तो कारभार. शिवाय तेव्हाच्या न्हाणीला पत्र्याचं दार आणि वर कौलं. फटीफटीतून वारा यायचा. तेव्हा आम्ही कुडकुडत त्याला नावं ठेवायचो! आताची बाथरूम वर स्लॅब, चारी बाजूंनी टाइल्स आणि सरकती काच. डब्यासारखी बंद. जुनी सवय नव्या बाथरूममध्ये आणली की घात होतो, तो असा.

मग लावायचं काय? स्वतःचं घर आणि स्वतःची गच्ची असेल तर माझं मत सरळ सोलर वॉटर हीटरला. चार-पाच माणसांना शंभर-सव्वाशे लिटरचा पुरतो. हिशेब करून बघा. शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून पंचावन्नवर न्यायला चार युनिट वीज लागते. रोजचे चार म्हणजे महिन्याचे सव्वाशेच्या आसपास. घरगुती बिलात शंभर युनिटांच्या पुढे दर चढतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पण सोलर म्हणजे नंतर विकत आणून ठेवायची वस्तू नव्हे. स्लॅबच्या आधी त्याचा विचार हवा. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, त्याच्या जागी थंड पाणी येतं, यावर तो चालतो. त्यामुळे थंड पाण्याची टाकी त्याच्यापेक्षा उंचावर लागते. आमच्या ओळखीतल्या एका घरात टाकी आणि सोलर एकाच पातळीवर बसवले. पाणी येईचना. मग टाकी उतरवून खाली विटांचा चौथरा बांधावा लागला, सहा महिन्यांची जुनी गच्ची पुन्हा ठोकून. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, वर सांगाड्याचं वेगळं. ते बीमवर, कॉलमजवळ यावं असं इंजिनिअरला आधीच सांगायचं. तोंड दक्षिणेला. आणि दक्षिणेला शेजाऱ्यांचा नारळ किंवा उद्या चढणारा मजला नाही ना, तेही बघायचं. सावली पडली की संपलं.

बोअरचं पाणी असेल तर आणखी एक. कुकरच्या तळाला पांढरा थर धरतो ना? तोच थर सोलरच्या बारीक तांब्याच्या नळ्यांतही धरतो आणि दोन-तीन वर्षांत पाणी कोमट यायला लागतं. जड पाण्याला काचेच्या नळ्यांचा प्रकार जास्त टिकाव धरतो, शिवाय स्वस्त असतो. गच्चीवर माकडं येत असतील तर मात्र काचेचा विचार दोनदा करा.

गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीची घ्या. थंड पाण्याचा साधा पीव्हीसी पाइप उष्णतेनं मऊ पडतो. प्लंबर "चालतंय की वहिनी" म्हणेल. चालत नाही! गच्चीवरच्या पाइपाला उबदार आवरण गुंडाळून घ्या. आणि प्लॅनमध्ये बाथरूम, स्वयंपाकघर शक्यतो एकाखाली एक ठेवा. साठ फूट लांबीच्या पाऊण इंची पाइपात पाच लिटरच्या आसपास पाणी थंड होऊन बसलेलं असतं. रोज सकाळी प्रत्येक नळाला तेवढं सोडून दिल्यावर मग गरम येणार. टँकरच्या गावात हे परवडेल का?

पावसाळ्यात सोलर रुसतोच. विक्रेते टाकीतच विजेची कॉइल घालून देतात, पण ती एका बादलीसाठी अख्खी टाकी तापवते. त्यापेक्षा बाथरूममध्ये छोटा विजेचा गीझर बरा. त्याला वेगळी जाड वायर, सोळा अँपिअरचा पॉइंट, नीट अर्थिंग आणि मेन बोर्डात आरसीसीबी, म्हणजे शॉकच्या वेळी क्षणात वीज तोडणारं बटण. हे वायरमनकडून उभं राहून करून घ्या.

पैशांचं म्हणाल तर एक गोंधळ सगळीकडे दिसतो. "सोलरला सबसिडी आहे ना?" फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली 'पीएम सूर्यघर' योजना वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या सोलरसाठी नाही. काही महापालिका मात्र सोलर हीटर असेल तर मालमत्ता करात सूट देतात. आपल्याकडे आहे का, ते विचारून पावती जपून ठेवा.

राहता राहिली घरातली ऊब. आपल्याकडे निफाडसारखे भाग सोडले तर थंडी तशी दीड-दोन महिन्यांची. पण म्हाताऱ्या माणसांना ती बाधते आणि मग कोळशाची शेगडी खोलीत येते. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणं म्हणजे गीझरचीच कथा. त्यापेक्षा आजी-आजोबांच्या खोलीला दक्षिणेची खिडकी द्या आणि वर सज्जा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, ऊन पलंगापर्यंत येतं. मे महिन्यात तो भर डोक्यावर, सज्जा त्याला बाहेरच अडवतो. एक पैसा जास्त लागत नाही.

आमच्या गटातलीनं प्लॅन परत आर्किटेक्टकडे नेला. तो आधी कुरकुरला, मग टाकीचा चौथरा चार फुटांनी वर घेतला. परवा फोन आला होता, "ताई, स्लॅब पुढच्या सोमवारी. पाइपाची भोकं मी स्वतः मोजून बघितली, पण एक राहिलंय. सासूबाई गावाकडचा बंब आणायचा म्हणतायत. कुठं ठेवू?"

परसात, म्हटलं. दारापासून लांब.