ओल्गा मोरोझोव्हाचा हिशेब

विम्बल्डनच्या १९७४ च्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या ख्रिस एव्हर्टने ओल्गा मोरोझोव्हाला ६-०, ६-४ असे हरविले. त्याआधी काहीच आठवड्यांपूर्वी पॅरिसच्या लाल मातीवरही याच एव्हर्टने तिला ६-१, ६-२ असे नमविले होते. टेनिसच्या इतिहासग्रंथांत तिच्या वाट्याला बहुधा एवढीच नोंद येते. वस्तुतः त्याच पॅरिसमध्ये या दोघींनी जोडीने दुहेरीचे अजिंक्यपद मिळविले होते आणि विम्बल्डनला अंतिम फेरी गाठण्यापूर्वी मोरोझोव्हाने बिली जीन किंग व व्हर्जिनिया वेड या दोन बलाढ्य खेळाडूंना घरी पाठविले होते. मॉस्कोत १९४९ साली जन्मलेली आणि १९६५ साली विम्बल्डनमध्ये मुलींची विजेती ठरलेली ही खेळाडू, मानाच्या चार स्पर्धांपैकी एकीच्या एकेरीत अंतिम फेरी गाठणारी पहिली सोव्हिएत स्त्री होय.

परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचे कुतूहल गुणफलकापाशी थांबत नाही. बक्षिसाचे पैसे कोणाला मिळाले, हा प्रश्न त्याला पडतोच.

तो काळ स्त्रियांच्या टेनिसमध्ये वेतनाच्या लढ्याचा होता. १९७० साली नऊ खेळाडूंनी प्रत्येकी एका डॉलरचा नाममात्र करार करून स्वतंत्र स्पर्धांची वाट धरली. १९७३ साली लंडनमध्ये त्यांची संघटना उभी राहिली. १९७४ साली विम्बल्डनच्या पुरुष विजेत्याला १०,००० पौंड मिळत, तर स्त्री विजेतीला ७,०००. ही तफावत मिटायला २००७ साल उजाडावे लागले. महागाईभत्त्यासाठी मोर्चे काढणाऱ्या आपल्याकडच्या शिक्षकांना नि कारकुनांना हा इतिहास परका वाटू नये. मोरोझोव्हा याच मैदानांवर, याच स्त्रियांबरोबर खेळत होती. भेद इतकाच की, तिने कमावलेली रक्कम सोव्हिएत क्रीडायंत्रणेच्या तिजोरीत जमा होई आणि तिच्या हाती भत्ता पडे. ज्या राज्याच्या शाळाशाळांतून मार्क्सचा वरकड मूल्याचा सिद्धांत शिकविला जात होता, त्याच राज्याने श्रमिकाचे वरकड इतक्या निःसंकोचपणे आपल्याकडे घ्यावे, हा विरोधाभास गमतीचा खरा.

तरीही त्या राज्याची बाजू सर्वस्वी पोकळ नव्हती. प्रशिक्षण राज्याने दिले, मैदाने राज्याची, प्रवासखर्च राज्याचा. सरकारी खर्चाने शिकलेल्या डॉक्टराने काही वर्षे खेड्यात काढावीत, असा आग्रह आपणही धरतोच. मात्र त्या बंधनाला मुदत असते, त्याच्या अटी आधी लिहिलेल्या असतात. मोरोझोव्हाच्या ऋणाला ना मुदत होती, ना ते फेडण्याचा ठरलेला दर.

पुढचा आघात याहून मोठा होता. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूंना प्रवेश देणाऱ्या स्पर्धांवर सोव्हिएत संघाने बहिष्कार घातला. १९७६ साली मोरोझोव्हा व वेड ही जोडी अमेरिकन स्पर्धेच्या दुहेरीच्या अंतिम सामन्यात बॉशॉफ व क्लॉस या दक्षिण आफ्रिकेच्याच जोडीकडून हरली आणि त्यानंतर लवकरच, अठ्ठावीस वर्षांच्या आतबाहेर, तिची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपुष्टात आली. वर्णद्वेषाविरुद्धची भूमिका न्याय्य होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. १९७४ साली पुण्यात सोव्हिएत संघालाच हरवून डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या भारतानेही, समोर दक्षिण आफ्रिका आहे म्हणून, तो सामना सोडून दिला होता. विजय व आनंद अमृतराज यांच्या हातची ती संधी गेली ती गेलीच. तत्त्वाची घोषणा शासन करते, तत्त्वाची किंमत खेळाडू मोजतो. आणि आम्ही वर्गात ज्याला संधी परिव्यय म्हणतो, तो राष्ट्राच्या जमाखर्चात कोठेच मांडला जात नाही. भारतीय खेळाडूंना निदान पुढच्या वर्षी स्वतःच्या नावावर खेळता आले. मोरोझोव्हाला प्रशिक्षिका व्हावे लागले.

१९८८ पासून टेनिसला ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ म्हणून पुन्हा स्थान मिळणार हे ठरताच सोव्हिएत यंत्रणेला या खेळाविषयी नव्याने ममत्व वाटू लागले. राज्याचे प्रेम पदकाच्या अपेक्षेने कमीजास्त होते, हे आपणही अनुभवतो. त्याच १९८८ साली मोरोझोव्हाच्या मार्गदर्शनाखालील संघ फेडरेशन चषकाच्या अंतिम फेरीत चेकोस्लोव्हाकियाकडून हरला. त्या पिढीतील मिन्स्कच्या नताशा झ्वेरेवाने १९८९ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, अमेरिकेत जाहीरपणे सांगून टाकले की, जिंकलेले पैसे तिला स्वतःपाशी ठेवायचे आहेत. जे मोरोझोव्हाच्या पिढीला उघडपणे बोलता आले नाही, ते या मुलीने परक्या देशात, सर्वांसमक्ष बोलून दाखविले. तिचे पुढे काही बिघडले नाही. दुहेरीची मानाची अठरा अजिंक्यपदे तिने मिळविली. दोन वर्षांनी सोव्हिएत संघच राहिला नाही.

२००४ साली, मोरोझोव्हाच्या त्या पराभवानंतर बरोबर तीस वर्षांनी, पॅरिसचा अंतिम सामना अनास्तासिया मिस्किना व एलेना देमेंतिएवा या दोन रशियन मुलींमध्येच झाला. मिस्किना जिंकली. त्याच वर्षी शारापोव्हाने विम्बल्डन व कुझ्नेत्सोव्हाने अमेरिकन स्पर्धा जिंकली. या साऱ्याजणींची कमाई त्यांच्या स्वतःच्या खात्यांत जमा झाली. मोरोझोव्हाचे वय तेव्हा पंचावन्न होते.